दसऱ्याचा स्लॅब

वडांगळी, ता. सिन्नर
१४ जून १९८०

ती. कोंडाजीमामांना चंदरचा साष्टांग नमस्कार.

मामा, पास झालो. एकावन्न टक्के. गुरुजी म्हणाले, गणितानं तुला तारलं, इंग्रजीनं मारता मारता सोडलं. पेढे घेऊन नाशिक रोडला यायचं मनात होतं, पण इथं पेरणीची गडबड आहे आणि आई एकटी पडते.

आता खरं काम. मला बांधकामात शिरायचं आहे. कारकुनी माझ्याच्यानं होणार नाही, एका जागी बसलं की पायाला मुंग्या येतात. तुम्ही बावीस वर्षं त्या धंद्यात आहात, तुमच्याशिवाय विचारू कुणाला? गवंडी व्हावं, की सुतार? फरशीवाला, नळवाला, रंगारी, वायरमन, सेंट्रिंगवाला, एवढी नावं मला ठाऊक आहेत. कशात काय आहे ते उलगडून सांगा.

बाप ज्यात गेला तेच काम का, असं तुम्ही म्हणाल. अण्णा तुमच्याच हाताखाली सेंट्रिंगला होते आणि स्लॅबखाली गेले, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्यांच्या टाचांच्या भेगांत सिमेंट बसलेलं असायचं आणि मी ते काडीनं उकरायचो, एवढंच आठवतं. पण मामा, घरात त्यांची हातोडी आहे, करवत आहे. दुसरं कुठलं काम मी जवळून बघितलंय?

आईला सांगितलंय की निकाल कळवायला लिहितोय. बांधकामाचा शब्द निघाला की ती उठून चुलीशी जाते. तेव्हा उत्तर जपून लिहा, मीच वाचून दाखवणार आहे.

आपला,
चंदर


नाशिक रोड
२२ जून १९८०

चि. चंदरला मामाचा आशीर्वाद.

एकावन्न टक्के म्हणजे आपल्या घराण्यात कळस झाला. मी चौथी नापास. तुझ्या मामीनं, कुसाबाईनं, सगळ्या चाळीत साखर वाटली. माझ्या अक्षराला हसू नको, थापी धरणाऱ्या हाताला टाक जड जातो.

आता ऐक. रंगारी व्हायचं म्हणतोस, तर आमच्या कामावरचा रंगारी सकाळी उठल्यापासून खोकतो, दुपारची भाकरी त्याला गोड लागत नाय. फरशीवाल्याचे गुडघे चाळिशीत जातात. नळवाल्याला बोलावतात तेव्हा घरातली माणसं नाक धरून उभी असतात, पण त्याला मान हाय, कारण त्याच्यावाचून कुणाचं चालत नाय. वायरमन हा सगळ्यात शहाणा. भिंती आम्ही उभ्या करायच्या, छत आम्ही घालायचं, आणि हा इस्त्रीचं शर्ट घालून येणार, पक्कड फिरवणार, दिवा लागला की मालकीणबाई त्यालाच पहिला चहा देणार. आयटीआयचा फारम भर आणि वायरमनच हो.

ते नाय जमलं तर गवंडी हो, मी शिकवतो. गवंड्याचा मिस्त्री झाला म्हणजे राजा माणूस. मी हाय म्हणून सांगत नाय. माझ्या शब्दाबिगर कामावरची वीट हलत नाय. अरे, स्लॅबचे टेकू काढायचे झाले तर नारळ मी फोडणार, पहिला टोला मी मारणार, मंगच बाकीच्यांनी हातोडीला हात लावायचा. पोटात दुखलं म्हणून मिस्त्री घरी राहिला, तर त्या दिवशी टेकू निघत नाय. बावीस वर्षं हा रिवाज पाळलाय, एकदाही मोडला नाय.

स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायच्या त्या सेंट्रिंगचं मात्र नाव काढू नको. ते काम आपल्या घराला लाभलं नाय. तुझा बाप, बारकूदाजीसारखा माणूस गेला, आता तू तरी नको.

तुझ्या आईला, सिंधूला सांग, भाऊबीजेला येतो.

मामा


वडांगळी
१९ ऑगस्ट १९८०

ती. मामांना नमस्कार.

वायरमनची यादी लागली, माझ्या आधीच्या नावाला संपली. दोन मार्कांनी गेलं. सुतारकामाला जागा होती, घेतली. एक वर्षाचा कोर्स आहे. सिन्नरहून एसटीनं जाऊन-येऊन करतो.

आईला सांगायलाच लागलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जा. तुझ्या बापाला मी बोलावलं नसतं तर तो आज असता. तुला मी कुठं अडवू?"

मामा, हे ती दर वर्षी म्हणते. त्या साली दुष्काळ होता, अण्णा गणपतीपासून घरी आले नव्हते, म्हणून दिवाळीच्या आधी तिनं माणसाहाती सांगावा धाडला की लवकर या, पोरगं वाट बघतंय. तो सांगावा ऐकून अण्णा घायकुतीला आले, मिस्त्री जागेवर नसताना स्वतःच टेकू काढायला लागले आणि स्लॅब अंगावर आला. तुम्हीच येऊन सांगितलं होतंत, पंचनाम्यातही तेच आहे. तेव्हापासून आमच्याकडे दिवाळीला कढई चढत नाही. शेजारच्या पोरांनी करंज्या आणून दिल्या तर ती मला देते, स्वतः खात नाही.

तुम्ही तिचे भाऊ आहात. भाऊबीजेला याल तेव्हा तिला दोन शब्द सांगा. तुमचं ऐकेल.

चंदर


नाशिक रोड
३० ऑगस्ट १९८०

चि. चंदर यास,

सुतार तर सुतार. चौकटी कर, खिडक्या कर, देव्हारे कर, लोक नाव काढतील. रंधा मारताना लाकडाची नस बघून मार. पण फळ्या ठोकायला, टेकू लावायला जाऊ नको. हे दुसऱ्यांदा लिहितोय.

सिंधूला काय सांगू? झालं ते झालं. बाईमाणूस हाय, जुनं उगाळते. तू तिच्यासमोर तो विषय काढत जाऊ नको.

इकडे एकलहऱ्याला पॉवर हाऊसच्या वसाहतीचं काम निघालंय, तिथं जातोय. दगदग फार, पत्राला उशीर झाला तर समजून घे.

मामा


अंबड, नाशिक
७ फेब्रुवारी १९८२

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही रागावणार, म्हणून आधीच कान धरतो.

कोर्स झाला, सर्टिफिकेट ट्रंकेत आहे. पंचवटीत एका दुकानात चार महिने चौकटी केल्या. मग मालकानं मशीन आणलं आणि आम्हा तिघांना हात जोडले. महिनाभर घरी बसलो. गावात माणसं विचारतात, काय चंदर, सुट्टीवर का, आणि चहा पाजतात.

आता अंबडला आहे. इथं मोकळ्या माळावर कारखान्यांच्या शेड उठतायत, माणूस मिळत नाही म्हणून मिस्त्री वाटेत अडवून विचारतात. पुंजामिस्त्रींच्या टोळीत लागलो. काम सेंट्रिंगचं.

मामा, मला हे काम येतं. तुम्ही म्हणता लाभलं नाही, पण हात आपोआप चालतो. पाणसळ लावून फळ्या एका रेषेत आल्या की पुंजामिस्त्री काही बोलत नाहीत, नुसते पुढे जातात. ते पुढे गेले की मी समजतो, जमलं. अण्णांचीच हातोडी वापरतो. दांडा नवा बसवला.

आईला सुतारकाम एवढंच सांगितलंय. तेही खोटं नाही.

चंदर


नाशिक रोड
१ मार्च १९८२

चंदर,

ते काम सोड. पत्र मिळाल्याबरोबर सोड. एकलहऱ्याला माझ्या हाताखाली ये, गवंडीकाम शिकवतो, आमच्या घरी राहा, मामी भाकरी घालील.

माझं ऐकायचं नसलं तर मला पत्र टाकू नको.

कोंडाजी


अंबड
२० नोव्हेंबर १९८२

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही भाऊबीजेला घरी येऊन गेलात, आईनं सांगितलं. तिनं ओवाळताना तुमच्या डोळ्याला पाणी आलं म्हणे. मी त्या दिवशी कामावर होतो, पुढच्या दोन दिवसांत टेकू काढायचे होते त्याची तयारी चालली होती. त्याबद्दलच लिहितोय.

मार्चमध्ये तुम्ही लिहिलंत ते वाचून मी चिडलो होतो. वाटलं, मामाला भाच्याची प्रगती बघवत नाही. आज तसं वाटत नाही. वाटत असतं तर बरं झालं असतं.

यंदा आम्ही स्लॅब दसऱ्याला टाकला. दिवाळी जवळ आली तशी पोरं म्हणायला लागली, मिस्त्री, टेकू काढून टाकू, म्हणजे मोकळ्या मनानं घरी जाऊ. अमावास्येला कुणी काम करत नाही, नंतर सण, म्हणजे दिवाळीआधी नाही काढले तर लांबणारच. पुंजामिस्त्री म्हणाले, "स्लॅबला सण कळत नाही. एकवीस दिवस भरले की काढायचे." आणि भाऊबीज उलटेपर्यंत थांबले.

मी झोपडीत येऊन बोटं मोजली. अण्णांचा स्लॅबही दसऱ्याचा होता, आई नेहमी म्हणते. अण्णा गेले वसुबारसेला. सोळा दिवस होतात, मामा. पुन्हा मोजले, तेवढेच.

सोळाव्या दिवशी टेकू काढायला कुणी सांगितलं? पंचनामा म्हणतो, मिस्त्री जागेवर नव्हता. ट्रंकेतून तुमचं १९८०चं पत्र काढलं. त्यात तुमच्या हातानं लिहिलंय की पहिला टोला तुमचाच, मिस्त्री नसेल तर टेकू निघत नाही, बावीस वर्षांत रिवाज एकदाही मोडला नाही. अण्णांचा स्लॅब त्या बावीस वर्षांतलाच की.

मी कोर्टकचेरी करणार नाही. मला एवढंच हवंय की तुम्ही आईला खरं सांगा. दहा वर्षं ती समजते की तिच्या सांगाव्यानं नवरा गेला.

चंदर


अंबड
१६ जानेवारी १९८३

मामा,

कार्ड टाकतोय. उत्तर नाही. पत्र पोचलं नाही असं म्हणू नका, आमच्या टोळीतल्या फकिरानं तुमच्या हातात दिलं होतं. मी आईला अजून काही बोललेलो नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

चंदर


नाशिक रोड
११ सप्टेंबर १९८३

चंदर,

तुझं कार्ड आलं तेव्हापासून रोज लिहायला बसतो आणि उठतो. कुसा म्हणते, कुणाला एवढं लिहिताय. तिलाही ठाऊक नाय.

हे पत्र सिंधूचं हाय. तिला वाचता येत नाय म्हणून तुझ्याकडं पाठवतो. एकही शब्द गाळू नको, माझी लाज राखू नको.

सिंधूबाई, नाशिक रोडला एका शेटच्या तीनमजली घराचं काम होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर स्लॅब टाकला. माणसं सगळी सिन्नर-निफाडकडची, सगळ्यांचे डोळे दिवाळीकडं. अमावास्येला हत्यार उचलायचं नाय, आणि माणसं एकदा गावाला गेली की आठ दिवस परत येत नाहीत. ठेकेदाराला फळ्या दुसऱ्या कामावर पाहिजे होत्या. तो म्हणाला, मिस्त्री, थंडी नाय, ऊन कडक हाय, वाळलाय. मला ठाऊक होतं वाळणं येगळं आणि पिकणं येगळं. तरी मी हो म्हटलं. मलाही घरी जायचं होतं.

वसुबारसेला सकाळी नारळ फोडला. बारकूदाजी आत गेले, हातोडीच्या दांड्यानं स्लॅब ठोकून बघितला आणि मला म्हणाले, "दादा, आवाज ओला येतोय. राहू द्या." चार माणसांत म्हणाले. मला राग आला. मेव्हणा झाला तरी हाताखालचा माणूस, आणि टोळीसमोर मला शिकवतो. मी म्हटलं, "तुमच्या घरून सांगावा आलाय आणि तुम्हीच मोडता घालताय? दिवाळी इथंच करायची का?" पहिला टोला मी मारला. कडेचा टेकू, काही झालं नाय. मंग मी ठेकेदाराशी बोलायला बाहेर आलो. बारकूदाजी माझ्या शब्दावर आत थांबले. तिसऱ्या का चौथ्या टेकूला आवाज आला.

पोलीस यायच्या आत ठेकेदार म्हणाला, तू इथं नव्हतास असं सांग, नायतर आत जाशील. माझी तीन पोरं लहान होती. मी सांगितलं. जे चौघं होते त्यांनीही मान हलवली. वडांगळीला येताना वाटेत तुझा सांगावा आठवला आणि तोच तुझ्या तोंडावर मारला. तू किंचाळली नायस, नुसतं म्हणालीस, मीच बोलावलं. तेव्हा माझ्या तोंडून नाही म्हणून निघालं नाय. नंतर दर साली भाऊबीजेला तेच सांगायला यायचो आणि ओवाळून घेऊन जायचो.

तुझ्या सांगाव्यानं काही झालं नाय. माझ्या टोल्यानं झालं.

कोंडाजी


अंबड
२ नोव्हेंबर १९८३

मामा,

हे फकिराच्या हाती देतोय, तो गाडी धरायला तुमच्या नाशिक रोडलाच येणार आहे.

तुमचं पत्र सप्टेंबरातच वाचून दाखवलं. शब्द गाळला नाही. आई चुलीपुढं बसली होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "ते ओला आवाज परत वाच." वाचलं. म्हणाली, "म्हणजे त्यांनी सांगितलं होतं." मी हो म्हटलं. "मग ते घायकुतीला आले नव्हते." मी नाही म्हटलं. तव्यावरची भाकरी काळी झाली तरी उलटली नाही. मग हात धुऊन गोठ्यात गेली आणि तिथं रडली. मी बाहेर उभा होतो, आत जायचा धीर झाला नाही. तुमच्याबद्दल त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. त्याच दिवशी मी तिला सांगून टाकलं की मी सेंट्रिंगचंच काम करतो. म्हणाली, "हातोडी घरातून गेली तेव्हाच कळलं होतं."

आता इथलं. यंदाही आम्ही स्लॅब दसऱ्याला टाकला, एका कारखान्याच्या ऑफिसचा. पुंजामिस्त्री गेल्या साली थांबले, कारण तेव्हा ठेकेदाराला घाई नव्हती. यंदा ठेकेदाराला फळ्या दुसरीकडे हव्या आहेत. काल वसुबारस होती. सोळावा दिवस. सकाळी मिस्त्रींच्या हातात नारळ बघितला.

मी कडेच्या टेकूला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, "मिस्त्री, नारळ ठेवा. माझा बाप सोळाव्या दिवशी गेलाय." सगळ्या टोळीसमोर सांगितलं, दसरा, वसुबारस, ओला आवाज, सगळं. तुमचं नाव घेतलं. पुंजामिस्त्री तुम्हाला ओळखतात, एकलहऱ्याला तुमच्याबरोबर होते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, याला हाकला. मिस्त्रींनी नारळ परत पिशवीत ठेवला. म्हणाले, "पोरं जाऊ देत घरी. तू राहा राखायला, फळी हलली तर तुझ्यावर. भाऊबीजेला एकवीस भरतात, सकाळी येतो." दिवाळीनंतर मला कामावर ठेवतील असं वाटत नाही. ठेकेदाराच्या माणसानं नाव लिहून घेतलंय.

पोरं गेली. काहींनी जाताना माझ्याकडं बघितलंही नाही, त्यांचीही लेकरं वाट बघतायत. फकिरा तेवढा थांबला आजपर्यंत. मी स्लॅबवर पाणी तुंबवतो आणि खाली येऊन टेकू मोजतो. बेचाळीस आहेत.

आज दुपारी आई आली. सिन्नरहून एसटीनं, पुढं नाशिकहून चालत, विचारत विचारत. डोक्यावर डबा होता. मामा, डब्यात करंज्या होत्या. अकरा वर्षांनी कढई चढवली तिनं. एक स्वतः मोडून खाल्ली माझ्यासमोर आणि मग मला दिल्या.

मग स्लॅबखाली आली. मी म्हटलं, आई, आत नको. ऐकलं नाही. एकेका टेकूला हात लावत शेवटपर्यंत गेली. अण्णा कसे उभे असतील, टेकूच्या कुठल्या बाजूला, हातोडी कशी धरली असेल, सगळं विचारलं. दाखवलं. वर बघून म्हणाली, "किती झाले?" म्हटलं, सतरा. "मग चार दिवस मी इथंच राहते." बाहेर वाळूच्या ढिगाशी तिनं चूल मांडली आहे. लक्ष्मीपूजनाचा दिवा इथंच लावणार म्हणते.

मी विचारलं, मामाला काय लिहू. तिनं सांगितलं ते तिच्या शब्दांत लिहितो.

"त्याला म्हणावं, या साली ओवाळणार नाही. पुढंही नाही. साडी आणू नको, आणलीस तर परत नेशील. पण भाऊबीजेला सकाळी इथं ये. हात लावायचा नाही कशाला, टोला मारायचा नाही. माझ्या शेजारी उभा राहा आणि एकवीस दिवस भरलेला स्लॅब टेकू काढल्यावर कसा वर राहतो, तेवढं बघून जा."

मिस्त्री आठ वाजता येणार आहेत. नाशिकात शालिमारहून अंबडची पहिली बस सहाला सुटते.

चंदर